बांगड्या कोण फोडतं?

नवरा गेला की त्याच दिवशी, पुष्कळदा त्याचा देह घरात असतानाच, त्याच्या बायकोला माजघरात किंवा मागच्या दारी नेतात. भोवती बायकांचा घोळका असतो. कुणी तिचा हात धरलेला असतो, कुणी पाठीवरून हात फिरवत असतं. काही घरांत आधी तिला शेवटचं म्हणून कपाळभर कुंकू लावतात, गजरा माळतात, हिरव्या बांगड्या भरतात. मग तेच कुंकू पुसतात, मंगळसूत्र तोडतात, पायांतली जोडवी काढतात आणि तिची मनगटं एकमेकांवर आपटून बांगड्या फोडतात. काच कधी मनगटात घुसते. कुठे हे त्याच दिवशी होतं, कुठे दहाव्याला नदीवर. कुठे चारचौघांसमोर, कुठे आडोशाला. तपशील गावागणिक बदलतो. जिचं सगळं नुकतंच कोसळलं आहे, तिच्या अंगावरच्या खुणा उतरवायच्या, एवढं मात्र सगळीकडे सारखं.

हे करणारे हात कुणाचे असतात? जावेचे, नणंदेचे, चुलत सासूचे, शेजारच्या म्हातारीचे. सवाष्णीने या कामाला हात लावू नये असा पुष्कळ घरांत संकेत असल्यामुळे ते बहुधा एखाद्या विधवा बाईकडेच येतं. जिच्या स्वतःच्या बांगड्या कधीकाळी अशाच फोडल्या गेल्या, तीच आज दुसरीच्या फोडते, आणि फोडताना स्वतःही रडत असते. तिला बाजूला घेऊन विचारलं तर ती म्हणते, "मला का हौस हाय व्हय? पर रीत हाय. उद्या लोकं नावं ठेवतील." सासू म्हणते, आलेल्या बायकांसमोर नाही म्हणता आलं नाही. दीर म्हणतो, बायकांचं बायकांनी बघायचं, आम्ही काय बोलणार. आलेल्या बायका म्हणतात, घरचेच गप्प होते, मग आम्ही परक्या काय आडवं येणार.

या प्रथेवर मनापासून श्रद्धा असणारी माणसंही असतात, ते नाकारायचं कारण नाही. पण त्या खोलीतल्या प्रत्येकीच्या मनात डोकावता आलं असतं, तर 'हे नको' म्हणणाऱ्याच जास्त निघाल्या असत्या, असं मला अनेक जणींचं ऐकून वाटतं. मग नको असलेली गोष्ट सगळे मिळून का करतात? या प्रश्नाचं उत्तर कुणा एकीच्या स्वभावात शोधून सापडत नाही. ते सापडतं माणसं एकमेकांविषयी जे अंदाज बांधतात त्यांत.

सामाजिक रूढींचा अभ्यास करणाऱ्या क्रिस्टिना बिकिएरी यांनी 'द ग्रामर ऑफ सोसायटी' या २००६ सालच्या पुस्तकात सवय आणि रूढी यांच्यात एक स्वच्छ रेघ ओढली आहे. पाऊस आला की सगळे छत्री उघडतात. सगळे एकच गोष्ट करत असले तरी ती रूढी नव्हे. कारण दुसऱ्या कुणी छत्री उघडली नाही तरी मी उघडणारच. रूढी म्हणजे अशी वागणूक जी मी दोन गोष्टी गृहीत धरून करतो. एक, माझ्यासारखी माणसं असंच वागतात. दोन, मीही तसंच वागावं अशी त्यांची अपेक्षा आहे आणि नाही वागलो तर ते मला त्याची किंमत मोजायला लावतील. ही दोन गृहीतकं पक्की असली की तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे 'मला स्वतःला हे पटतं का' याला, कुणी फारसं विचारत नाही. विवेचन असं असलं तरी किंमत कशी मोजावी लागते ते पाहिल्याशिवाय रूढीचा जोर कळत नाही.

विधवा बाईला कुणी काठीने मारत नाही. तिला संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही, एवढंच. डोहाळजेवणात ओटी भरायला तिला पुढे करत नाहीत. बारशाला ती येते, पण पाळण्याची दोरी दुसरी धरते. स्वतःच्या मुलाच्या लग्नात ती अक्षता टाकायला मागच्या रांगेत उभी राहते आणि वराला ओवाळायला काकू येते. ही यादी वाचताना क्षुल्लक वाटते. पण गावातल्या बाईचं सगळं सामाजिक आयुष्य याच प्रसंगांचं बनलेलं असतं. आणि रूढी मोडली तर ही किंमत तिच्यापुरती राहत नाही. नवरा गेल्यावरही कपाळाला कुंकू ठेवणाऱ्या बाईच्या घरी सोयरीक करताना लोक दोनदा विचार करतील, अशी घरच्यांना धास्ती असते. नणंदेचं लग्न राहिलंय, पोरगी वर्षा-दोन वर्षांत उजवायची आहे. सुनेवर जीव असलेली सासूही त्या क्षणी बांगड्यांना हात का घालू देते, याचं उत्तर अनेकदा इथे असतं. ती सुनेचं दुःख आणि मुलीचं लग्न अशा दोन पारड्यांत अडकलेली असते. तिला निर्दय म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्याने काहीच उलगडत नाही.

महाराष्ट्राला या प्रश्नाचा दीडशे वर्षांचा अनुभव आहे आणि तो जगातल्या कुठल्याही पाठ्यपुस्तकाइतका शिकवणारा आहे.

ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या प्रयत्नांनी १८५६ मध्ये हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. कायद्याने अडसर काढला. पण मुंबईत उच्चवर्णीयांतला पहिला गाजलेला पुनर्विवाह व्हायला १८६९ साल उजाडावं लागलं. विष्णुशास्त्री पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने तो लागला, आणि त्यानंतर वाद इतका पेटला की १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर शास्त्रार्थ झाला. निकाल सुधारकांच्या विरुद्ध गेला आणि लग्नात भाग घेणाऱ्यांवर बहिष्कार पडला. बहिष्कृतांत महादेव गोविंद रानडे होते.

आता १८७३ साल पाहा. रानड्यांची पहिली पत्नी त्या वर्षी वारली. ते एकतीस वर्षांचे, सरकारी नोकरीत न्यायाधीश, पुनर्विवाहाच्या चळवळीचे आधारस्तंभ. त्यांनी एखाद्या विधवेशीच लग्न करावं, अशी सुधारकांची स्वाभाविक अपेक्षा होती. वडिलांना ती धास्ती होती. त्यांनी घाई करून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न ठरवलं आणि रानड्यांनी मान तुकवली. त्या मुलीचं नाव रमाबाई. पुढे त्या स्वतः मोठ्या कार्यकर्त्या झाल्या आणि त्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात नवऱ्याची त्या दिवसांतली घालमेल नोंदवून ठेवली. रानड्यांवर या लग्नावरून आयुष्यभर टीका झाली आणि ती अस्थानी होती असं मी म्हणणार नाही. पण त्या टीकेत एक गोष्ट नजरेआड होते. रानड्यांना काय योग्य ते ठाऊक नव्हतं असं नाही. ते कायद्याचे जाणकार होते, बहिष्कार त्यांनी सोसलेला होता, शास्त्रवचनं त्यांना मुखोद्गत होती. मत बदललं की वागणूक बदलते, या समजुतीला रानड्यांइतकं मोठं उत्तर दुसरं नाही. त्यांचं मत केव्हाच बदललेलं होतं. त्यांच्यासमोर उभे होते ते वडील, आणि वडिलांच्या मागे उभं होतं अख्खं नात्यागोत्याचं जग, जे बदललेलं नव्हतं.

वीस वर्षांनी धोंडो केशव कर्व्यांनी ते करून दाखवलं. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई आठव्या वर्षीच विधवा झालेल्या. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. कर्वे त्या वेळी फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते, म्हणजे पोटापाण्याचा प्रश्न गावाच्या हातात नव्हता, आणि हे महत्त्वाचं आहे. गाव मात्र कोकणातलं मुरूड. गावाने सभा घेऊन ठरवलं की कर्व्यांशी कुणी संबंध ठेवायचे नाहीत, आणि त्यांच्या आईने किंवा भावाने त्यांना घरात घेतलं तर त्या घरालाही वाळीत टाकायचं. शिक्षा कुणाला होते ते इथे नीट पाहावं. लग्न केलं कर्व्यांनी आणि दंड ठेवला म्हाताऱ्या आईवर. बहिष्कार नेहमी असाच नेम धरतो: रूढी मोडणाऱ्यावर त्याचा मार चालत नसेल, तर तो त्याच्या माणसांवर धरला जातो. त्यामुळे ज्याला स्वतःची पर्वा नाही अशा माणसालाही पाय मागे घ्यावा लागतो.

गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले. त्यांची गोष्ट मला कर्व्यांच्या गोष्टीहूनही जास्त विचार करायला लावते. ऐन विशीत त्यांना वैधव्य आलं आणि त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या रिवाजाप्रमाणे त्यांचं केशवपन झालं. पुढे त्या कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमात आल्या, शिकल्या, शिकवू लागल्या, आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करू लागल्या. ज्या संस्थेचं कामच विधवांना माणूस म्हणून उभं करणं, तिच्यासाठी दारोदार जाणारी ही बाई कितीतरी वर्षं सोवळ्या वेषात, डोईवर पदर घेऊन वावरत होती. याला भित्रेपणा म्हणता येत नाही. केस न राखलेल्या, परंपरेतल्या विधवेला कर्मठ घरांतही दार उघडत असे, तिचं बोलणं ऐकून घेतलं जाई, तिच्या हातावर पैसे ठेवले जात. तो वेष म्हणजे आश्रमाच्या कामाचा परवाना झाला होता. मध्यमवयात कधीतरी त्यांनी ठरवलं, यापुढे केस काढायचे नाहीत. 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळं साध्या, सरळ शब्दांत लिहून ठेवलंय. पुढे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस इंग्रजी शिकण्यासाठी त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. समुद्र ओलांडून जाण्याची धमक असलेल्या या बाईलाही स्वतःचे केस वाढू देण्यासाठी इतकी वर्षं थांबावं लागलं.

केशवपन ही प्रथा ज्या हातांवर चालत होती ते हात घरातले नव्हते. वस्तरा चालवायला न्हावी लागे. १८९०च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं त्यांनी जाहीर केलं. लोखंडे सत्यशोधक, महात्मा फुल्यांच्या परंपरेतले. त्याच फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात विधवांच्या अडचणीच्या बाळंतपणांसाठी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. ब्राह्मण घरातल्या बाईला 'नको' म्हणायची सोय नव्हती, म्हणून ज्याला ती होती त्याने तिच्या वतीने म्हणायचं, आणि एकट्याने न म्हणता सगळ्यांनी मिळून म्हणायचं. एका न्हाव्याने नकार दिला असता तर गिऱ्हाईक शेजारच्याकडे गेलं असतं. सगळ्यांनी एकत्र नकार दिला की जायला जागा उरत नाही. त्या सभेने केशवपन संपलं असं नाही, पण रूढीच्या मर्मावर कुठे बोट ठेवायचं हे त्या कष्टकऱ्यांना पुण्या-मुंबईच्या कित्येक पंडितांपेक्षा नेमकं कळलं होतं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी राहील. महाराष्ट्रातल्या असंख्य जातींत विधवेचं केशवपन नव्हतं आणि पुनर्विवाहालाही बंदी नव्हती. पाट लावणे, मोहोतर लावणे ही रीत सर्रास चालू होती. पाटाच्या लग्नाला पहिल्या लग्नाचा मान नसे, विधीही साधा असे, पण बाईला दुसरा संसार मिळत होता. पुढे शिक्षण, नोकरी, पैसा आला तशी यांतल्या काही घराण्यांनी पाट बंद केला, कारण 'आपल्यात असलं चालत नाही' असं म्हणणं हे वर चढल्याचं लक्षण मानलं जाऊ लागलं. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी कूर्गी समाजावरच्या १९५२ सालच्या पुस्तकात वरच्या जातींच्या रीती उचलून दर्जा वाढवण्याच्या या प्रक्रियेला संस्कृतीकरण असं नाव दिलं. काळ पुढे गेला की रूढी आपोआप सैल होतात हा समज त्यामुळे तपासून घ्यावा लागतो. एकाच राज्यात, एकाच काळात, एका जातीत बाईचे केस वाचवण्यासाठी लोक झगडत होते आणि दुसऱ्या जातीत पूर्वापार असलेला पुनर्विवाह प्रतिष्ठेपायी सोडला जात होता.

मग रूढी मोडते कधी?

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग सोपा होता. एका रेघेच्या लांबीशी तीनपैकी कोणती रेघ जुळते ते सांगायचं. एकट्याने उत्तर देताना जवळपास कुणीच चुकत नसे. पण भोवतीच्या सगळ्यांनी आधीच ठरवून एकमुखाने चुकीचं उत्तर दिलं, तर सुमारे एक तृतीयांश वेळा माणूस डोळ्यांना दिसणारं नाकारून तेच चुकीचं उत्तर देई. त्या गर्दीत एकाच माणसाने बरोबर उत्तर द्यायला सुरुवात केली की ही शरणागती पाच टक्क्यांच्या आसपास येई. बहुमताचा धाक त्याच्या संख्येपेक्षा त्याच्या एकमुखीपणात जास्त असतो. माजघरातल्या त्या घोळक्यातही हेच घडतं. "राहू द्या, नका फोडू," असं एकच बाई मोठ्याने म्हणाली तर दुसरीला बळ येतं; पण पहिली व्हायला कुणी तयार नसतं, कारण आपण एकट्याच पडणार अशी प्रत्येकीची खात्री असते.

आणि ही खात्री साफ चुकीची असू शकते. सौदी अरेबियात रियाध शहरातल्या विवाहित पुरुषांवर केलेलं एक संशोधन २०२० मध्ये अर्थशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात आलं. बायकांनी घराबाहेर नोकरी करायला हरकत नाही, असं बहुसंख्य पुरुषांनी खाजगीत सांगितलं. पण आपल्या शेजाऱ्यांपैकी किती जणांचं असं मत असेल, याचा त्यांतल्या बहुतेकांचा अंदाज खऱ्यापेक्षा खूपच कमी निघाला. मग काही जणांना खरा आकडा सांगितला. तो कळल्यावर बायकोचं नाव नोकरी मिळवून देणाऱ्या सेवेत नोंदवणाऱ्यांचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर गेलं. कुणाचंही मन वळवलेलं नव्हतं. शेजाऱ्याच्या मनात काय आहे एवढंच सांगितलं होतं. माणसं एकेकटी एका मताची आणि एकत्र आली की दुसऱ्याच मताची, असं हे रूढीचं कोडं आहे.

चीनमध्ये मुलींचे पाय बांधण्याची प्रथा शतकानुशतकं चालली. पाच-सहा वर्षांच्या मुलीची पायांची बोटं तळव्याखाली वळवून कापडी पट्ट्यांनी करकचून बांधत. हाडं मोडत, वेदना वर्षानुवर्षं टिकत. बांधणारी आई असे. लहान पावलांशिवाय चांगलं स्थळ येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून जिवापाड प्रेम करणारी आईही मुलीचे पाय बांधी. सतराव्या शतकात मांचू सम्राटांनी बंदी घालून पाहिली आणि काही वर्षांतच ती मागे घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र वेगळा मार्ग निघाला. गावोगाव मंडळं स्थापन झाली. सभासद होणारं कुटुंब दोन शपथा एकदम घेई: आमच्या मुलींचे पाय बांधणार नाही, आणि पाय बांधलेल्या मुलीशी आमच्या मुलाचं लग्न करणार नाही. दुसऱ्या शपथेतच सगळी ताकद होती. पहिल्या शपथेने मुलीचं लग्न अडलं असतं, दुसऱ्या शपथेने तिच्यासाठी मोकळ्या पायांची मुलगी करणारी घरं तयार झाली. उत्तर चीनमधल्या डिंगशियान भागातल्या पाहणीत १८९०च्या आधी जन्मलेल्या बायकांपैकी ९९ टक्क्यांचे पाय बांधलेले आढळले, आणि १९१९ नंतर जन्मलेल्या मुलींत एकही नाही. हजारभर वर्षांची प्रथा एका पिढीत गेली. गेरी मॅकी या अभ्यासकाने १९९६ मध्ये या उलथापालथीचं जे विश्लेषण केलं, त्याचा रोख इथेच आहे: एकेका आईला पटवून हे झालं नसतं, कारण एकेकट्या आईला पटलेलं होतंच.

आता पुन्हा महाराष्ट्रात येऊ.

कोविडच्या काळात घराघरांतले कर्ते पुरुष गेले आणि तरुण विधवांची संख्या एकदम वाढली. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याचे कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीत त्याच्या पत्नीचं कुंकू पुसताना, बांगड्या फोडताना पाहिलं आणि ते अस्वस्थ झाले. त्यांनी एक साधी गोष्ट केली. माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीवर या प्रथा लादू नयेत, असं स्वतः स्टँपपेपरवर लिहून दिलं आणि ते जाहीर केलं. पाहता पाहता इतर पुरुषही तसं लिहून द्यायला तयार झाले. ही कल्पना मला फार मोलाची वाटते. नवरा गेल्यावर बायकोच्या वतीने बोलण्याचा अधिकार रूढी कुणालाच देत नाही. पण गेलेल्याची इच्छा मोडणं हे त्याच रूढीला जड जातं. ज्याच्या नावाने बांगड्या फोडायच्या, त्यानेच आधी नको म्हणून ठेवलेलं असेल तर घोळक्यातल्या बाईला टेकायला आधार मिळतो.

४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. सुरगोंडा पाटील सरपंच होते. कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे, या गोष्टी गावात होऊ द्यायच्या नाहीत असं ठरलं. दोनच दिवसांनी, ६ मे रोजी राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं पूर्ण होत होती. विधवांच्या पुनर्विवाहासाठी आपल्या संस्थानात १९१७ मध्ये कायदा करणारा हा राजा. पाठोपाठ हातकणंगले तालुक्यातल्या माणगावनेही तसाच ठराव केला. हे तेच माणगाव, जिथे १९२० साली शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर एका परिषदेत एकत्र आले होते. मे महिन्यातच राज्य शासनाने परिपत्रक काढून सर्व ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

ठरावाला कायद्याचं बळ नसतं. कुणी बांगड्या फोडल्या तर पोलीस येणार नाहीत. तरी तो कागदी आहे असं मी मानत नाही. गाव एकत्र बसलं, ठराव वाचला गेला, माना हलल्या. कुणाकुणाच्या माना हलल्या ते सगळ्यांनी पाहिलं आणि आपण पाहिलं हेही सगळ्यांना कळलं. रियाधमधल्या पुरुषांना संशोधकांनी जे कागदावर दाखवलं ते हेरवाडच्या लोकांनी एकमेकांच्या तोंडावर वाचलं. यापुढे "लोकं नावं ठेवतील" म्हणणाऱ्या बाईला "कोणती लोकं?" असं विचारता येईल, आणि निदान आपल्या गावापुरतं तिला उत्तर द्यायला अवघड जाईल.

निदान आपल्या गावापुरतं, हेच मला पुढचं अडचणीचं ठिकाण वाटतं. ग्रामपंचायतीची हद्द शिवेपाशी संपते. सोयरीक संपत नाही. शिरोळच्या मुली सांगलीत, बेळगावात, मिरजेत दिलेल्या असतात आणि तिकडच्या इकडे आलेल्या असतात. नवरा गेला की माहेरची, आजोळची, नणंदांच्या सासरची माणसं गाड्या करून येतात आणि त्यांच्यापैकी कुणीही तो ठराव ऐकलेला नसतो. गावच्या बायका मागे सरल्या तरी पाहुण्यांतली एखादी जाणती बाई पुढे होते. चीनमधल्या मंडळांनी गावाची वेस न धरता लग्नाचं वर्तुळ धरलं होतं. शपथ घेणारी घरं ही एकमेकांना मुली देणारी-घेणारी घरं होती. आपल्याकडे ते वर्तुळ एकत्र बसतं असा एक प्रसंग आजही ठरलेला आहे. लग्न जमवताना दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बैठकीला बसतात, देणंघेणं आणि मानपान कागदावर उतरतं, याद मोठ्याने वाचली जाते आणि दोन्हीकडच्या चार-चार लोकांच्या सह्या होतात. हुंडा याच बैठकीत ठरतो; चांगलं काही ठरवायचं तर तेही इथेच ठरवता येईल.

त्या यादीत एक कलम वाढवावं. शुभकार्यात अभद्र कशाला, असं कुणी म्हणेल, म्हणून मृत्यूचं नावही घ्यायची गरज नाही. 'आमच्या घरात कुणा बाईच्या बांगड्या फोडत नाहीत, कुणाचं कुंकू पुसत नाहीत आणि घरच्या कार्यात विधवा-सवाष्ण असा भेद करत नाहीत,' एवढं दोन्ही बाजूंनी लिहून द्यावं. असं कलम मुलीच्या बापाने आग्रहाने मागावं आणि मुलाच्या बापाने न कुरकुरता मान्य करावं. ते पाळलं जातं की नाही याची पहिली परीक्षा त्याच लग्नाच्या मांडवात होते. तिथे कुणाची तरी विधवा आत्या असते, मावशी असते, कधी वरमाईच विधवा असते. तिला पुढे बोलावून ओवाळणीचं ताट तिच्या हातात देण्याचं काम मुलीकडच्यांनी आपण होऊन करावं. दोन्हीकडचे तीन-चारशे पाहुणे ते पाहतात, आणि त्यांतले बरेचसे पुढे कुठल्या ना कुठल्या घरी अंत्यविधीलाही जाणारच असतात.